नाव नसलं तरी ओळख पटते

‘कंपनीतून फुटलेल्या यादीत नावं नव्हती, फक्त मोबाइल नंबर, जन्मतारीख, पिनकोड होते, काळजी नको.’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो. त्यावर विश्वास बसणं साहजिकच आहे, कारण ओळख म्हणजे नाव असंच आपण धरून चालतो. पण ते खरं नाही.

मोबाइल नंबरचं उत्तर तर लगेच मिळतं. घरातल्या कोणाचा तरी नंबर त्यांना विचारून यूपीआय ॲपमध्ये टाका. पैसे पाठवण्याआधीच, खातं जोडलेलं असेल तर, नाव समोर येतं.

आता नंबरही काढून टाकला असं समजू. उरले जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड. ऐंशी वर्षांच्या जन्मतारखा होतात सुमारे २९,२००. स्त्री-पुरुष धरून जन्मतारीख आणि लिंग यांच्या जोड्या ५८,४००. एका पिनकोडात ५०,००० लोक राहतात असं धरा. म्हणजे माणसं कमी आणि जोड्या जास्त! बऱ्याच जणांच्या जोडीत दुसरं कोणीच नसतं. हाच तपशील नावासकट दुसऱ्या एखाद्या फुटलेल्या यादीत असला, की दोन्ही जुळवून माणूस सापडतो. हे काम संगणक क्षणात करतो.

म्हणून कंपनीचा खुलासा वाचताना ‘नावं नव्हती’ एवढ्यावर थांबू नका. कोणकोणते रकाने एकत्र गेले, हे लेखी विचारा. आणि फोनवरच्या माणसानं तुमची जन्मतारीख अचूक सांगितली, तरी तो बँकेचाच आहे असं मुळीच धरू नका. फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरवर स्वतः फोन करा.