दहा हजार डॉलर कोणाचे?

लास वेगासमधल्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १९७२ साली १०,००० डॉलर होती. आजही तेवढीच आहे. महागाई धरली तर तेव्हाचे दहा हजार म्हणजे आजचे सत्तर हजारांहून जास्त. स्पर्धा खेळून पोट भरणारा पोकरपटू कसा घडला हे पाहायचं तर पत्त्यांपेक्षा या दहा हजारांवर नजर ठेवावी. ते भरतो कोण?

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. बेनी बिनियनने १९७० मध्ये आपल्या हॉर्सशू कॅसिनोत ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा आलेली मंडळी पिढीजात म्हणावी इतकी मुरलेली जुगारी होती. (पहिल्या वर्षी तर विजेता खेळाडूंनी चक्क मतदानाने ठरवला: जॉनी मॉस.) डॉयल ब्रन्सन, सेलर रॉबर्ट्स, अमॅरिलो स्लिम हे टेक्सासभर गाडीने हिंडून खेळायचे. त्यांची कमाई रोखीच्या डावांवर. रोखीच्या डावात चिप्स (डावावर लावायच्या चकत्या) म्हणजे पैसे, मनात आलं की उठून वटवायच्या. स्पर्धेत तसं नाही. फी एकदाच भरायची आणि चिप्स संपल्या की बाहेर. त्यातून १९७७ पर्यंत सगळी रक्कम एकट्या विजेत्याला मिळे. त्या वर्षी ३४ जण बसले आणि ३,४०,००० डॉलर ब्रन्सनने नेले. बाकीचे ३३ रिकाम्या हाताने परतले. अशा हिशेबावर कुणाचा संसार चालणार? १९७८ मध्ये बक्षीस पहिल्या पाच जणांत वाटलं गेलं. माझ्या मते स्पर्धेच्या खेळाचा व्यवसाय होण्याची पहिली पायरी ही. पुढे हे वाटप रुंदावत गेलं आणि आता साधारण सात-आठ खेळाडूंमागे एकाला काहीतरी मिळतं.

दुसरी पायरी एरिक ड्राख या आयोजकाची. हजार हजार डॉलर असलेले दहा जण एकत्र खेळले आणि जिंकणाऱ्याने त्या पैशांतून मुख्य स्पर्धेची जागा घेतली तर? याला सॅटेलाइट म्हणतात. १९८३ चा विजेता टॉम मॅकएव्हॉय अशाच सॅटेलाइटमधून आलेला होता. मूळचा तो हिशेबनीस. वीस वर्षांनी आणखी एका हिशेबनीसाने इतिहास घडवला. टेनेसीच्या ख्रिस मनीमेकरने ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून २००३ च्या स्पर्धेची जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकले. आडनाव खरोखरच मनीमेकर. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते, पुढच्या वर्षी २,५७६ आणि २००६ मध्ये ८,७७३. टीव्हीवर झाकलेले पत्ते दाखवणारा कॅमेराही याच सुमारास रुळला, त्यामुळे घरबसल्या कुणालाही थापेबाजी दिसू लागली.

मनीमेकरच्या गोष्टीतला एक तपशील मात्र बहुतेक जण गाळतात. त्याने आपल्या बक्षिसातला हिस्सा आधीच वडिलांना आणि एका मित्राला विकला होता. व्यवसायाचं खरं गणित इथे आहे, आणि ते जुनंच आहे. १९८० आणि १९८१ चा विजेता स्टू उंगर १९९७ मध्ये इतका कफल्लक झाला होता की त्याची फी बिली बॅक्स्टर या दुसऱ्या जुगाऱ्याने भरली. उंगर तिसऱ्यांदा जिंकला, दहा लाख डॉलर निम्मे निम्मे वाटले गेले, आणि पुढच्याच वर्षी तो लास वेगासमधल्या एका मोटेलात मृतावस्थेत सापडला. तेव्हा त्याच्याकडे जवळपास काहीच उरलं नव्हतं. २००६ चा विजेता जेमी गोल्ड याच्या १.२ कोटी डॉलरवर एका माणसाने निम्मा हक्क सांगितला. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोडीने मिटलं.

हिस्से का विकायचे? समजा, एखादा खेळाडू वर्षाला सरासरी ३,००० डॉलरच्या १०० स्पर्धा खेळतो. प्रवास आणि हॉटेल सोडून नुसती फीच ३ लाख डॉलर झाली. त्यातल्या ८० ते ८५ स्पर्धांतून तो हात हलवत बाहेर पडणार, आणि उरलेल्यांतही बहुतेकदा फीच्या दीडपट-दुप्पट पदरात पडणार. वर्षाचा सगळा नफा एखाद-दुसऱ्या मोठ्या विजयात असतो आणि तो विजय वर्षभर आलाच नाही तरी खेळ वाईट झाला असं म्हणता येत नाही. यालाच हे लोक व्हेरियन्स म्हणतात. म्हणून बॅकर येतो. फी तो भरतो आणि नफा वाटून घेतो. पण हरलेल्या फीचा आकडा साठत जातो. त्याला 'मेकअप' म्हणतात, आणि पुढच्या विजयातून आधी तो फिटल्याशिवाय खेळाडूला दमडी मिळत नाही. त्यामुळे जाहीर यादीत लाखोंची कमाई मिरवणारा माणूस प्रत्यक्षात कर्जात असू शकतो. अशा याद्यांत जिंकलेलं मोजतात, भरलेली फी वजा करत नाहीत.

१५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने मोठ्या ऑनलाइन पोकर साइट्सवर कारवाई केली आणि ऑनलाइन खेळातून येणारं हे भांडवलच आटलं. खेळाडूंची खाती गोठली. फुल टिल्ट या साइटवर पैसे असलेल्या अमेरिकी खेळाडूंना ते परत मिळायला २०१४ उजाडलं. कित्येक जण ऑनलाइन खेळता यावं म्हणून कॅनडा नाहीतर मेक्सिकोत जाऊन राहिले. पुढे २०१५ च्या सुमारास सॉल्व्हर आले, म्हणजे प्रत्येक डावाचं संतुलित उत्तर काढणारी सॉफ्टवेअर. तेव्हापासून टेबलाबाहेरचे अभ्यासाचे तासही कामात धरावे लागतात. टेक्सासच्या रस्त्यांवर माणसं वाचायला शिकलेल्यांना हे किती रुचलं असतं, कोण जाणे.

हिस्सेविक्री आता उघड बाजार झाली आहे. नावाजलेला खेळाडू आपला हिस्सा दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने विकतो. त्या वाढीव भावाला मार्कअप म्हणतात. मुख्य स्पर्धेतला ६० टक्के हिस्सा १.२ च्या भावाने, म्हणजे दर्शनी किमतीच्या १.२ पटीने, विकला तर हातात ७,२०० डॉलर येतात. नाव नोंदवायच्या खिडकीवर तो १०,००० भरतो, त्यातले स्वतःचे २,८००.