त्रुटी सांगणाऱ्याचे मोल

नोव्हेंबर 2017 मध्ये पॅरिटी या कंपनीने बनवलेल्या बहुस्वाक्षरी, म्हणजे अनेकांच्या संमतीने उघडणाऱ्या, डिजिटल पाकिटांमधले 5 लाख 13 हजारांहून अधिक इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचे चलन) एकाएकी अडकून पडले. ही चोरी नव्हती. त्या सगळ्या पाकिटांचा सामायिक कोड एकाच स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक संगणकीय नोंदवहीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, होता आणि त्या कॉन्ट्रॅक्टचा मालक कोण, हे नोंदवायचेच राहून गेले होते. एका वापरकर्त्याने स्वतःची मालक म्हणून नोंद केली आणि ते कॉन्ट्रॅक्ट नष्ट करणारी आज्ञा चालवली. यातली मनाला लागणारी गोष्ट अशी, की ती नोंद करून टाकावी अशी सूचना ऑगस्टमध्येच एका जाणकाराने कंपनीला केली होती. मात्र ती केवळ सोयीची सुधारणा समजली गेली आणि मागे पडली.

पुढे सव्वाचार वर्षांनी, 24 फेब्रुवारी 2022 रोजी, वर्महोल या ब्लॉकचेन-सेतूच्या, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर चलन नेणाऱ्या यंत्रणेच्या, कोडमध्ये जवळजवळ त्याच जातीचा दोष एका संशोधकाला सापडला. सेतूचे पैसे सांभाळणारे कॉन्ट्रॅक्ट ज्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमधल्या सूचनांवर चालत होते, त्याची मालकी मोकळी राहिली होती. कोणीही ती घेऊन ते नष्ट करू शकला असता आणि मग पैसे जागच्या जागी, पण कायमचे कुलूपबंद झाले असते. संशोधकाने ही बाब इम्युनेफाय या मध्यस्थ संस्थेमार्फत गुप्तपणे कळवली, त्याच दिवशी दुरुस्ती झाली, आणि वर्महोलने त्याला 1 कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने 75 कोटी रुपयांहून अधिक, बक्षीस दिले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला वर्महोलमधून वेगळ्या त्रुटीमुळे 1 लाख 20 हजार इथरची चोरी झाली होती आणि पैसे परत केल्यास 1 कोटी डॉलर देऊ, असा निरोप चोराला पाठवला गेला होता. त्याने तो मानला नाही.

अशा बक्षिसांना बग बाउंटी म्हणतात. ही पद्धत डीफायच्या, म्हणजे विकेंद्रित वित्ताच्या, आधीपासूनची आहे. नेटस्केपने आपल्या ब्राउझरसाठी ती 1995 मध्येच सुरू केली होती. डीफायमध्ये मात्र तिचे महत्त्व वेगळ्याच पातळीवर जाते. येथे कर्ज देणे, व्याज मोजणे, चलनांची अदलाबदल करणे ही कामे बँकेचा कर्मचारी करत नाही, तर ब्लॉकचेनवर ठेवलेला कोड करतो. एकदा पूर्ण झालेला व्यवहार कोणी शाखाधिकारी उलटवू शकत नाही, आणि बहुतेक वेळा तो कोड जगात कोणालाही वाचता येतो. साध्या संकेतस्थळातली त्रुटी चोराला आत शिरण्याची वाट दाखवते; डीफायमधली त्रुटी पुष्कळदा थेट तिजोरीचीच असते.

पेण-अलिबागच्या खारेपाटात वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाऱ्या पाण्याकडच्या बांधाला, खेकड्याने पाडलेले भोक ओहोटीच्या वेळी बांधावरून चालणाऱ्याच्या नजरेस पडते, आणि त्याने वेळीच हाक दिली नाही, तर उधाणाच्या भरतीला तिथेच खांड जाऊन साऱ्या गावाची भातशेती खाऱ्या पाण्याखाली जाते. भोक पाहणारा त्या शेतीचा मालक असतोच असे नाही. त्याने थांबून हाक का द्यावी, हा प्रश्न डीफायपुढेही आहे. आणि इथे तर ते भोक पाहणाऱ्याला गप्प राहण्यापेक्षाही मोठा, स्वतःच पैसे उचलण्याचा, मोह असतो.

त्रुटी दिसायला किती किरकोळ असू शकते, हे देवरुखच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने आपल्या लॅपटॉपवर करून दाखवलेल्या प्रयोगातून चांगले कळते. तिने एक लहानसे कॉन्ट्रॅक्ट लिहिले: आधी खातेदाराची शिल्लक तपासायची, मग त्याला पैसे पाठवायचे आणि शेवटी त्याच्या नावावरची शिल्लक शून्य करायची. वाचताना यात काही खटकत नाही. मग तिने खातेदार म्हणून माणसाऐवजी दुसरे कॉन्ट्रॅक्ट उभे केले, ज्यात पैसे येताच आपोआप पुन्हा पैसे मागणारी एक ओळ होती. पहिली रक्कम पोहोचली, पण शिल्लक शून्य करणारी ओळ अजून चाललीच नव्हती. त्यामुळे दुसऱ्या मागणीलाही खात्यात पैसे दिसले, तिसऱ्यालाही दिसले. पडद्यावर 1 इथर जमा केलेल्या खातेदाराच्या नावापुढे 1, 2, 3 असे आकडे चढत गेले आणि इतरांच्या ठेवींचे 10 इथर संपल्यावरच ते थांबले. शेवटच्या दोन ओळींचा क्रम बदलल्यावर तोच हल्ला पहिल्याच फेरीत फसला. या दोषाला रीएन्ट्रन्सी म्हणतात. जून 2016 मध्ये याच दोषातून द डाओ या सामूहिक गुंतवणूक निधीतले सुमारे 36 लाख इथर वळवले गेले, आणि ते परत मिळवण्यासाठी इथेरियमच्या साखळीलाच, म्हणजे ब्लॉकचेनलाच, जुलैमध्ये फाटा फोडावा लागला.

प्रयोग लॅपटॉपवर झाला, ही बाब महत्त्वाची आहे. खऱ्या साखळीची हुबेहूब प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेता येते आणि तिच्यावर हल्ला सिद्ध करून त्याचा पुरावा अहवालासोबत जोडता येतो. खऱ्या साखळीवर ‘फक्त करून पाहिले’ तर दोन संकटे ओढवतात. एक म्हणजे, प्रलंबित व्यवहारांवर सतत नजर ठेवणारे स्वयंचलित प्रोग्राम तो हल्ला उचलून स्वतःच्या नावाने आधी चालवू शकतात. दुसरे म्हणजे कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधल्या कलम 43 आणि 66 खाली परवानगीशिवाय एखाद्या यंत्रणेत शिरणे आणि अप्रामाणिक हेतूने तिचे नुकसान करणे यांना दंड आणि शिक्षा आहे. बाउंटीच्या जाहीर अटींनी आखून दिलेली मर्यादा हीच संशोधकाची परवानगी असते, म्हणून त्या अटी शब्दन्‌शब्द वाचाव्यात.

दुरुस्तीचा टप्पाही नाजूक असतो, कारण साखळीवर केलेला प्रत्येक बदल सर्वांना दिसतो. ऑगस्ट 2021 मध्ये सुशीस्वॅप या डीफाय मंचाच्या मिसो या लिलाव-मंचावर एका संशोधकाला असे आढळले, की एकगठ्ठा व्यवहार करताना एकदाच पाठवलेले इथर अनेकदा जमा धरले जात आहेत. चालू लिलावात तेव्हा सुमारे 1 लाख 9 हजार इथर होते, म्हणजे अंदाजे 35 कोटी डॉलर. त्याने मोजक्या जाणकारांना आणि मंचाच्या चमूला एकत्र बोलावले, गाजावाजा न करता लिलाव काही तासांत संपवण्यात आला, आणि एकही इथर गेला नाही. त्याला 10 लाख डॉलर बक्षीस मिळाले. मला ही हकिगत या क्षेत्रातल्या कुठल्याही चोरीच्या कथेपेक्षा अधिक अभ्यासण्याजोगी वाटते.

बक्षीस किती असावे, यावर वाद आहेत. धोक्यात असलेल्या रकमेच्या 10 टक्के, पण एका कमाल मर्यादेपर्यंत, हे प्रमाण आता बऱ्यापैकी रूढ झाले आहे. 2022 मध्ये ऑरोरा या ब्लॉकचेन-जाळ्याने एका त्रुटीसाठी 60 लाख डॉलर दिले. ऑप्टिमिझम या तशाच दुसऱ्या जाळ्याने नवे इथर हवे तितके निर्माण करू देणाऱ्या त्रुटीसाठी 20 लाख 42 डॉलर दिले. हे आकडे ऐकून डोळे विस्फारतात, पण जे वाचले त्याच्या तुलनेत ते माफक आहेत. अतिगंभीर त्रुटीला ‘मध्यम’ ठरवून बक्षीस कापणे, ‘हे आम्हाला ठाऊकच होते’ असे सांगणे किंवा महिनोन्‌महिने उत्तर न देणे हे प्रकार मला केवळ कंजूषपणाचे वाटत नाहीत, ते ठेवीदारांच्या जिवावरचे आहेत. एकदा फसवला गेलेला संशोधक पुढची त्रुटी कळवायला येईल, याची काही हमी नसते.

चोरी झाल्यावर चोराला देऊ केलेल्या पैशांनाही बाउंटी म्हणण्याची प्रथा पडली आहे. पॉली नेटवर्क या ब्लॉकचेन-सेतूमधून ऑगस्ट 2021 मध्ये 60 कोटींहून अधिक डॉलर नेणाऱ्याने ते जवळजवळ सगळे परत केले, आणि त्याला 5 लाख डॉलर देऊ करण्यात आले. ठेवीदारांना पैसे मिळाले हे चांगलेच झाले. तरीही ती खंडणीची वाटाघाट आहे. आधी येऊन सांगणाऱ्याच्या पंक्तीला तिला बसवू नये.

बाउंटीने सगळे सुरक्षित होते, असेही नाही. मार्च 2022 मध्ये रोनिन सेतूच्या 9 पैकी 5 मान्यताधारकांच्या, म्हणजे व्यवहारांना मंजुरी देणाऱ्यांच्या, गुप्त किल्ल्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या आणि 1,73,600 इथर गेले. सहा दिवस कोणाला पत्ताही लागला नाही. ज्याने केवळ कोड वाचला असता, त्याच्या हाती तिथे काही लागले नसते.

या कामाला लॅपटॉप, बरे नेटवर्क आणि चिकाटी इतकेच भांडवल लागते, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलामुलींनी ते मुंबई न गाठता, घरी राहून शिकावे असे मला मनापासून वाटते. सुरुवात जुन्या, जाहीर झालेल्या त्रुटी स्वतः पुन्हा घडवून पाहण्यापासून करावी. मोठ्या बक्षिसांची वाट पाहत शिक्षण किंवा नोकरी सोडू नये, कारण पुष्कळ महिने हाती काहीच लागत नाही. अहवाल पाठवण्यापूर्वी बक्षीस कोणत्या चलनात मिळणार, हेही पाहून घ्यावे. अनेक मंच स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे स्वतः काढलेल्या डिजिटल चलनात, आणि हप्त्याहप्त्याने पैसे देतात, तोवर त्या टोकनचा भाव उतरलेला असू शकतो. शिवाय आपल्याकडे एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर 30 टक्के कर आहे, तेव्हा पहिला अहवाल मान्य होताच गावातल्या सनदी लेखापालाला गाठणे बरे.