सालबाईच्या तहामागची चौघांची युती

लष्करी युती म्हटली की आज ‘नाटो’ आठवते. पण चौघांनी मिळून एका शत्रूला रोखायची मसलत पुणे दरबाराने १७८० मध्येच केली होती, आणि तिचे यशापयश आजही उपयोगी पडावे असे आहे.

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळात कोंडलेल्या इंग्रजी फौजेने तह केला. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने तो मानला नाही. इंग्रज पुन्हा चालून येणार हे ओळखून नाना फडणिसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसल्यांना जोडून घेतले. हैदरने मद्रासच्या बाजूने, निजामाने उत्तर सरकारांत (आंध्र किनाऱ्यावरच्या इंग्रजी मुलखात), भोसल्यांनी बंगालवर आणि पेशव्यांनी मुंबई-गुजरातकडे इंग्रजांना गुंतवायचे, असे ठरले. मद्रास, बंगाल आणि मुंबई हे इंग्रजांचे तिन्ही इलाखे एकाच वेळी अडकले की कोणी कोणाला कुमक धाडू शकणार नाही, ही त्यातली खरी मेख.

हैदरने शब्द पाळला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला त्याने इंग्रज सेनानी बेलीची फौज बुडवली. निजामाला मात्र इंग्रजांकडून गुंटूर परत मिळाले आणि तो स्वस्थ बसला. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने पैसे देऊन तिला तिथेच थोपवले.

तरीही ही युती वाया गेली असे मी म्हणणार नाही. १७८१ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज सेनापती गॉडर्डला बोरघाटातून मागे फिरावे लागले. मे १७८२ मध्ये इंग्रज-मराठ्यांत झालेल्या सालबाईच्या तहानंतर सुमारे वीस वर्षे इंग्रजांनी मराठ्यांशी युद्ध काढले नाही. हैदर हयात असेपर्यंत नानांनी त्या तहावर शिक्कामोर्तब केले नाही, हेही आवर्जून सांगायला हवे.

वसईचा तह (३१ डिसेंबर १८०२) याच्या अगदी उलट. हडपसरच्या लढाईनंतर पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज (आपल्या मुलखात आपल्या खर्चाने ठेवायची फौज) घेतली, तिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलण्याचा हक्कही गमावला. त्याला मी युती म्हणत नाही.

४ एप्रिल १९४९ रोजी १२ देशांनी नाटोचा करार केला. त्याच्या पाचव्या कलमानुसार एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा. पण मदत कोणती द्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणजे कच खायला इथेही जागा आहेच. ती कमी करण्यासाठी १९५० मध्ये युरोपात संयुक्त सेनापती नेमला गेला आणि २०१७ पासून पोलंड व बाल्टिक देशांत अनेक राष्ट्रांच्या तुकड्या आधीच तैनात आहेत. तिथे हल्ला करणाऱ्याची पहिल्याच दिवशी अनेक राष्ट्रांशी गाठ पडते. कटकला भोसल्यांच्या छावणीत पुण्याचेही हजारभर स्वार असते, तर हेस्टिंग्जला ती फौज विकत घेणे इतके सोपे गेले नसते.