डोळ्यातले काळे द्राक्ष
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चष्मा करायला आलेले लोक आम्हाला हमखास दोन-तीन प्रश्न विचारतात. ड्रॉप्स टाकल्यावर जवळचे अंधूक का दिसते? चाळिशी का लागते? दोन्हींचा संबंध डोळ्याच्या एकाच थराशी आहे.

डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात. बाहेर पांढरे, चिवट श्वेतपटल. सर्वांत आत दृष्टिपटल, ज्यावर चित्र उमटते. या दोघांच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी आणि काळपट रंगद्रव्याने भरलेला थर असतो. डॉक्टर त्याला ‘युव्हिया’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘ऊव्हा’ म्हणजे द्राक्ष. श्वेतपटल सोलून काढले, तर आतला गोळा देठासकट काळ्या द्राक्षासारखा दिसतो, म्हणून हे नाव. यातला देठ म्हणजे मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस.

या थराचा बाहेरून दिसणारा भाग म्हणजे बुबुळ. त्याच्या मधले भोक ती बाहुली. लख्ख उजेडात ती साधारण 2 मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात 8 मिलिमीटरपर्यंत पसरू शकते. बुबुळाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. निळ्या डोळ्यांत मात्र निळा रंग कुठेच नसतो! तिथे मेलॅनिन कमी असते आणि प्रकाश विखुरल्यामुळे बुबुळ निळे भासते.

बुबुळाच्या मागे सिलिअरी बॉडी नावाचे कडे असते. आमच्या धंद्याच्या दृष्टीने खरा नायक हाच. त्यातून निघालेल्या बारीक तंतूंनी डोळ्याचे भिंग जागेवर टांगलेले असते. जवळचे वाचताना या कड्यातला स्नायू आवळतो, तंतू ढिले पडतात आणि भिंग फुगीर होते. लांब पाहताना स्नायू सैल पडतो, तंतू ताणले जातात, भिंग चपटे होते. म्हणजे दूर पाहणे ही डोळ्याची विश्रांती आणि जवळ पाहणे हे कष्टाचे काम. चाळिशीच्या सुमारास भिंगच ताठर होते, मग स्नायूने कितीही जोर लावला तरी ते पुरेसे फुगत नाही. तिथे वाचनाचा चष्मा लागतो. त्यात डोळ्यांची हयगय केली असे काही नसते.

बाहुली मोठी करणारे थेंब या स्नायूलाही काही तास सुस्त करतात, म्हणून त्या वेळात अक्षरे फिसकटतात. लहान मुलांचा नंबर डॉक्टर थेंब टाकून तपासतात तेही याचसाठी. मुलांचा स्नायू इतका दमदार असतो, की तो जास्तीचा जोर लावून प्लस नंबर (फुगीर काचेचा नंबर) सहज लपवतो. त्यामुळे ‘थेंब नकोत, तसाच नंबर काढा’ असा आग्रह कृपया धरू नका.

सिलिअरी बॉडीचे हेच कडे डोळ्याच्या पुढच्या भागातले पाणीही तयार करते. त्याचा निचरा अडला की डोळ्यातला दाब वाढू शकतो. काचबिंदूच्या तपासणीत तो दाब मोजतात.

युव्हियाचा मागचा, सर्वांत पसरलेला भाग म्हणजे रंजितपटल. जाडी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, पण डोळ्याला मिळणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा इथूनच वाहतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थरात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यांना प्राणवायू आणि पोषण हेच पटल पुरवते. शिवाय त्याचा काळपट रंग आत भरकटणारा प्रकाश शोषून घेतो, नाहीतर चित्र फिकट पडले असते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुली लाल चमकते, तेव्हा मुख्यतः याच थरातल्या रक्ताची लाली दिसत असते.

युव्हियाच्या थराला सूज आली तर त्याला युव्हायटिस म्हणतात. बुबुळाभोवती लाली, ठणका, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे ही त्याची लक्षणे. पुष्कळ जण ‘नंबर वाढला असेल’ म्हणून आमच्याकडे येतात किंवा घरात उरलेले थेंब टाकत बसतात. दोन्ही चुकीचे, कारण उशीर झाला तर नजर कायमची अधू होऊ शकते. असा डोळा घेऊन आलात, तर आम्ही त्या दिवशी नंबर काढणार नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगू.