विडंबन खाते

राजकीय नेता, पक्ष, सरकारी कार्यालय किंवा बडी कंपनी यांचे नाव व बोलण्याची ढब उचलून त्यांचीच फजिती करण्यासाठी समाजमाध्यमांवर चालवलेले बनावट खाते. फसवणूक करणाऱ्या तोतयाला पकडले जायचे नसते. विडंबनकाराला वाचकाने ओळखावे असेच वाटते, फक्त जरा उशिराने.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘बीपी’ या ब्रिटिश तेल कंपनीसाठी विहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार दगावले आणि तेलगळती सुरू झाली. मे महिन्यात ट्विटरवर ‘बीपीग्लोबलपीआर’ हे खाते अवतरले. किनाऱ्यावर सापडलेले तेल आमच्या मालकीचे आहे, उचलाल तर दावा ठोकू, असा त्याचा सूर. काही आठवड्यांतच त्याने फॉलोअरच्या संख्येत कंपनीच्या खऱ्या खात्याला मागे टाकले. प्रसिद्धिपत्रकांची गुळगुळीत भाषा ऐकून लोक आधीच वैतागलेले होते; बनावट खात्याने त्यामागचा मतलब तेवढा बोलून दाखवला. खरा माणूस जे कधीच बोलणार नाही, पण त्याच्या मनात तेच आहे अशी आपली खात्री असते, ते ‘त्याच्याच’ तोंडून ऐकायला मिळणे ही यातली मुख्य मजा. शिवाय आपण सोंग ओळखले आणि दुसरा अजून भांडतोय, याचा आसुरी आनंद असतोच.

त्यामुळे मुद्रा, छायाचित्र, ‘आमच्या निदर्शनास आले आहे की’ छापाची वाक्ये तंतोतंत ठेवतात आणि थाप एकाच जागी मारतात, शक्यतो शेवटी. वाक्यागणिक कोटी केली की पहिल्याच ओळीत बिंग फुटते. मूळ निवेदन ताजे असतानाच पोस्ट पडावी लागते. दोन दिवसांनी संदर्भ सांगत बसावे लागते.

घोटाळा होतो तो बहुधा स्क्रीनशॉटमुळे. खात्याच्या नावातला किंवा परिचयातला ‘विडंबन’ हा शब्द कापला जातो आणि उरलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी म्हणून फिरतो. कधी खाते खरे असल्याची खूणच दगा देते. ट्विटरने ८ डॉलरला निळी खूण विकायला काढताच, १० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘इलाय लिली’ या औषध कंपनीच्या नावाने काढलेल्या खात्याने इन्सुलिन फुकट केल्याचे जाहीर केले. कंपनीला माफी मागावी लागली. इन्सुलिन फुकट नाही याबद्दलची ही दिलगिरी मूळ विनोदापेक्षा बोचरी ठरली.

भारतात ऑगस्ट २०१२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या खात्याशी साम्य असलेली काही खाती बंद करण्याची मागणी सरकारने ट्विटरकडे केली. त्यांपैकी एकाच्या नावात इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य होते. आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाला देणारा २०२३ चा नियम विनोदकार कुणाल कामरा यांच्यासह इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

खटला भरणे बहुतेकदा अंगाशी येते. अमेरिकी खासदार डेव्हिन न्यून्स यांनी मार्च २०१९ मध्ये त्यांच्या ‘गायी’च्या नावाने चालणाऱ्या खात्यावर दावा लावला. तोवर तिचे फॉलोअर साधारण १,२०० होते. काही दिवसांतच ते खुद्द न्यून्स यांच्याहून अधिक झाले.