महाकाय शिंपला घरच्या टाकीत कसा जगू लागला

प्रवाळांच्या टाकीत महाकाय शिंपला ठेवणाऱ्याला आज जे सल्ले मिळतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी सांगते की भरपूर उजेड दिला की त्याला दुसरे काही लागत नाही. कोणी सांगते की वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाले) चारल्याशिवाय लहान शिंपला तग धरणार नाही. एक जण पाणी होईल तितके निर्मळ ठेवायला सांगतो, तर दुसरा पाण्यात थोडे नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्य, राहू द्या असे बजावतो. हे सगळे सल्ले प्रामाणिक आहेत, पण ते निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या ज्ञानावर आणि निरनिराळ्या चुकांवर उभे राहिले आहेत. कोणता सल्ला कोठून आला हे कळल्याशिवाय त्याचे वजन ठरवता येत नाही, म्हणून हे टिपण.

युरोपला हा प्राणी शतकानुशतके केवळ शिंपांच्या रूपात ठाऊक होता. पॅरिसमधील सँ-सुल्पिस चर्चमध्ये पवित्र जल ठेवण्यासाठी याच्या दोन अवाढव्य शिंपा वापरलेल्या आहेत. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये सर्वांत मोठ्या जातीला ‘गिगास’ हे नाव दिले आणि १७९७ मध्ये ब्रुगिएरने ‘ट्रायडॅक्ना’ ही प्रजाती वेगळी काढली, तेव्हाही वर्णनाचा भर कवचावरच होता. पण शिंपल्याच्या आरोग्याचा खरा प्रश्न कवचाच्या काठावर पसरलेल्या मांसल, रंगीत प्रावाराशी निगडित आहे, आणि प्रावार समजायला जिवंत प्राण्यापाशी जाऊन बसावे लागते.

तसे बसण्याची संधी १९२८-२९ मध्ये आली. सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आयल्स येथे सुमारे वर्षभर राहिली. प्रावारात सूक्ष्म शैवाले कोंदलेली असतात, शिंपला हा प्रावार उन्हात पसरतो आणि त्या शैवालांवर त्याचे पोषण बऱ्याच अंशी अवलंबून असते, हे याँग यांनी १९३६ मध्ये सविस्तर मांडले. शिंपला या शैवालांची जणू शेती करतो आणि मग तीच पचवतो, अशी त्यांची समजूत होती. १९६७ मध्ये मस्कटीन या शास्त्रज्ञांनी दाखवले की प्रवाळांच्या किंवा शिंपल्याच्या ऊतींचा अर्क मिसळला की ही शैवाले ग्लिसरॉल हा पोषक पदार्थ बाहेर सोडू लागतात; म्हणजे शिंपल्याला खाद्य मिळवण्यासाठी शैवाल मारावे लागत नाही, जिवंत शैवालच त्याला अन्न पुरवते. पुढे १९९२ मध्ये हेही स्पष्ट झाले की प्रवाळांप्रमाणे ही शैवाले शिंपल्याच्या पेशींच्या आत नसतात, तर जठरापासून निघून प्रावारात फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक नलिकांमध्ये राहतात. शिंपल्याची पिल्ले शैवालांचा वारसा घेऊन जन्मत नाहीत; अळीला ती पाण्यातूनच गिळावी लागतात. कृत्रिम पैदाशीसाठी हा तपशील फार मोलाचा ठरला.

टाकीसाठी यातून निघालेला पहिला नियम अगदी थेट होता: शिंपल्याचा प्रावार वर, दिव्याकडे असला पाहिजे आणि दिवा पुरेसा प्रखर असला पाहिजे. नियम कळला तरी तो पाळण्याचे साधन मात्र घरोघरी नव्हते. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (सूक्ष्मजीवांनी भरलेला समुद्री खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री जीव सांभाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण ती विषुववृत्ताजवळच्या सूर्यप्रकाशाच्या भरवशावर चालणारी होती. उत्तरेकडच्या देशांत साध्या ट्यूबच्या उजेडात शिंपले काही महिने रंग टिकवत, मग फिके पडत आणि मरत. ही कासवगतीने होणारी उपासमार होती. शिंपला साठवलेल्या बळावर इतका काळ ओढतो की मरणाचे कारण आणि मरणाचा दिवस यांचा संबंध जोडणे मालकाला कठीण जाते.

चित्र बदलले ते जर्मनभाषक छांदिष्टांमुळे. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी टाकीतील कॅल्शियम भरून काढण्यासाठी चुन्याची निवळी वापरण्याचा प्रघात पाडला. बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत खडक, जोरकस प्रोटीन स्किमर (फेसावाटे पाण्यातील घाण काढणारे यंत्र) आणि मेटल हॅलाइड हे प्रखर दिवे यांची सांगड घातली. प्रवाळांसाठी केलेली ही मांडणी शिंपल्यांना आयतीच मानवली. कवच वाढवणाऱ्या प्राण्याला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटांचा साठा) दोन्ही सतत लागतात, आणि वाढत्या शिंपल्यांची टाकी ती किती वेगाने संपवते हे पाहिल्यावरच अनेकांना मोजमापाची सवय लागली. निरोगी शिंपल्याच्या कवचाच्या वरच्या काठाला नव्या वाढीची स्वच्छ पांढरी कड दिसते. माझ्या मते दिव्याच्या वॅटेजपेक्षा आणि बाटलीवरच्या दाव्यांपेक्षा ही कड अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे.

याच काळात शिंपले येत होते ते मात्र समुद्रातून ओरबाडून. ट्रायडॅक्ना क्रोसिया ही लहान, देखणी जात खडकात स्वतःला कोरून घेते. तिला बाहेर काढायचे तर छिन्नी लावावी लागे. शिंपला तळाशी बिसस नावाच्या चिवट धाग्यांनी चिकटलेला असतो आणि ते धागे ओढून उपटले की त्यांच्या मुळाशी असलेली ग्रंथी फाटते. अशा शिंपल्याचा प्रावार दुकानात सुंदर पसरलेला दिसतो, आणि घरी आणल्यावर तो आठवडाभरात, कधी त्याआधीच, मरतो. धागे धारदार पात्याने कापावेत, कधीही ओढू नयेत, आणि विकत घेण्यापूर्वी शिंपल्याची खालची बाजू नीट पाहावी, हे दोन सल्ले त्या काळातील अगणित मेलेल्या शिंपल्यांनी शिकवलेले आहेत.

समुद्रातील साठ्यावर त्याहून मोठा घाव दुसऱ्याच कारणाने पडला होता. १९६० आणि १९७० च्या दशकांत परदेशी नौका प्रशांत महासागरातील प्रवाळभित्तींवर येऊन मोठ्या शिंपल्यांचा फक्त कवच मिटणारा स्नायू कापून नेत आणि बाकीचे शरीर तिथेच टाकून देत. ट्रायडॅक्ना गिगास आणि ट्रायडॅक्ना डेरासा या दोन जाती १९८३ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, आणि १९८५ मध्ये संपूर्ण कुळाचा त्यात समावेश झाला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक शिंपल्यासोबत परवाना असावा लागतो.

या ऱ्हासावरचा उपाय म्हणून पैदाशीची केंद्रे उभी राहिली. प्रशांत महासागरातील पलाऊ येथील केंद्रात गेराल्ड हेस्लिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शिंपल्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास करून दाखवली. ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठ, फिलिपिन्समधील बोलिनाओ येथील प्रयोगशाळा आणि सॉलोमन बेटांवरील होनियाराजवळचे केंद्र हेही या कामात उतरले. सॉलोमनमधील केंद्र पुढे देशातील वांशिक संघर्षामुळे बंद पडले. शिंपला उभयलिंगी असतो; आधी शुक्राणू आणि मग अंडी सोडतो, आणि पूर्ण वाढलेला एक गिगास एका वेळी कोट्यवधी अंडी देतो. सेरोटोनिनचे इंजेक्शन देऊन हवे तेव्हा अंडी सोडवून घेता येतात हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अळ्यांना दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावारातून काढलेली शैवाले पाण्यात मिसळून दिली जात.

या सगळ्यामागचा मूळ हेतू मांसासाठी शेती हा होता. परंतु खाण्याजोग्या आकाराला पोहोचायला शिंपल्याला अनेक वर्षे लागतात, तर काही सेंटिमीटरचा रंगीत शिंपला मत्स्यालयाच्या व्यापारात कितीतरी आधी विकता येतो. हिशेब तिथे फिरला. खडकातून छिन्नीने काढलेल्या शिंपल्याऐवजी सपाट पृष्ठभागावर वाढलेला, धागे नीट कापलेला, टाकीच्या पाण्याला सरावलेला शिंपला घरी येऊ लागला, आणि टिकण्याचे प्रमाण वाढले. छंदाच्या इतिहासात या बदलाला दिव्यांइतकेच श्रेय द्यायला हवे, ते सहसा दिले जात नाही.

या केंद्रांनी रोगांची आणि शत्रूंची ओळखही करून दिली. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या पिरॅमिडेलिड गोगलगायी शिंपल्याचा रस शोषतात. दाटीने वाढवलेल्या पिल्लांत त्या झपाट्याने पसरतात. दिवसा त्या कवचाच्या खवल्यांखाली, तळाशी दडून असतात. दिवे मालवून तास-दोन तास उलटल्यावर लहान विजेरी घेऊन पाहिले, तर प्रावाराच्या काठाशी त्या रांगेने बसलेल्या सापडतात. म्हणून नवा शिंपला टाकीत सोडण्यापूर्वी मऊ ब्रशने घासावा, त्यावरच्या जेलीसारख्या अंडपुंजांसह, आणि काही आठवडे वेगळा ठेवून रात्री तपासावा.

शिंपल्याचे निरीक्षण करण्याचा आणखी एक साधा मार्ग त्याच्या डोळ्यांतून जातो. प्रावाराच्या कडेला शेकडो सूक्ष्म, भिंगाविना असलेले डोळे असतात. टाकीवरून हात नेला की सावली पडते, आणि निरोगी शिंपला तत्काळ प्रावार आत ओढून कवच अर्धवट मिटतो. मिनिटभरात पुन्हा पसरतो. सावली पडूनही तो निश्चल राहिला, किंवा पाणी आत घेणारे तोंड नेहमीपेक्षा ताणून उघडे राहिले, तर काही तरी बिघडले आहे असे समजावे. प्रावार टोचणारे एंजलफिश आणि बटरफ्लायफिश हे नेहमीचे संशयित. एकाच पंपाचा थेट झोत हा दुसरा संशयित, जो अनेकदा विसरला जातो.

खाद्याच्या वादाचा उगमही संशोधनातच आहे. ट्रायडॅक्ना गिगासवरील १९९२ च्या एका अभ्यासात आढळले की लहान शिंपल्यांना श्वसन आणि वाढीसाठी लागणाऱ्या कार्बनपैकी सुमारे ६५ टक्के पाणी गाळून मिळालेल्या कणांतून येतो, तर मोठ्यांमध्ये हा वाटा सुमारे ३४ टक्क्यांवर उतरतो. हे आकडे समुद्रातील एका जातीचे आहेत. ते सरसकट सर्व जातींना लावून दर शिंपल्यासाठी रोज प्लवकाची बाटली ओतणे म्हणजे अभ्यासाचा अर्थ ताणणे होय. उलट, उजेड दिला की पुरे, हेही त्यातून निघत नाही. मासे असलेल्या, खाणे पडणाऱ्या टाकीत पाण्यात बरेच कण तरंगत असतात. मासे नसलेल्या, नव्याने लावलेल्या टाकीत ते नसतात, आणि इवलासा शिंपला नेमका तिथेच मरतो.

नायट्रेटचा प्रश्न तर पैदास केंद्रांनी आधीच सोडवलेला होता. वाढीचा वेग वाढवण्यासाठी तिथे टाक्यांत अमोनियम मुद्दाम मिसळले जाई, कारण प्रावारातल्या शैवालांना नायट्रोजन लागतो. तरीही प्रवाळांचे रंग खुलवण्याच्या हव्यासात बऱ्याच टाक्या पोषकद्रव्ये जवळजवळ शून्यावर आणून चालवल्या गेल्या. अशा पाण्यात प्रखर एलईडीखाली शिंपल्याची शैवाले विरळ होतात आणि प्रावार पारदर्शक होऊ लागतो. त्यावर आणखी दिवा वाढवणे ही नेहमी होणारी चूक आहे. पाण्यात मोजता येण्याइतके नायट्रेट आणि फॉस्फेट राहू दिले, तर प्रावाराचा मधला भाग काही आठवड्यांत पुन्हा तपकिरी-निळा भरून येतो, आणि कवचाच्या काठावरची पांढरी कड पुन्हा रुंद होऊ लागते.