बीपीची वनस्पती-औषधे आणि सर्पगंधेची अर्धवट राहिलेली चौकशी

लसूण, अर्जुनसाल, शेवग्याचा पाला, सर्पगंधा अशी बीपीवरच्या उपायांची यादी आता घरोघरी फिरते. चारही नावे एकाच ओळीत येतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या तिघांचा परिणाम असलाच तर सौम्य. सर्पगंधा मात्र खरेखुरे, जोरकस औषध आहे. तिच्या मुळातून वेगळ्या केलेल्या रेसरपिनने विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभरच्या बीपीच्या उपचाराचे चित्र बदलले आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षांत ते बाजूलाही पडले. ते का पडले, हे समजल्याशिवाय आजच्या 'नैसर्गिक बीपी' बाजाराची पार्श्वभूमी कळत नाही.

जुन्या संहितांत सर्पगंधेचे नाव येते ते विषावरच्या उपायांत. ती आजचीच वनस्पती का, यावरही एकमत नाही. लोकांमध्ये या मुळाचा उपयोग होता झोप न येणे, उन्माद आणि सर्पदंश यांवर. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत, मराठीत अडकई हेही नाव आहे. बीपी हा आकडा तर फार उशिरा आला. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन १८९६ चे, आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा ऐकण्याची रीत १९०५ ची. 'हजारो वर्षांपासून बीपीवर वापरले जाणारे' हे पाकिटावरचे वाक्य त्यामुळे सर्पगंधेलाही लागू पडत नाही.

खरी सुरुवात १९३१ ची. कोलकात्यातल्या दोन चिकित्सकांनी त्या वर्षी सर्पगंधेवर निबंध छापला. त्यांतले एक आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक दोन्ही शिकलेले होते. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे नवे भारतीय औषध आहे, असे त्यांनी मथळ्यातच म्हटले होते. मुळाच्या चूर्णाचे २० ते ३० ग्रेन दिवसातून दोनदा, असा त्यांचा डोस. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी सव्वा ते दोन ग्रॅम चूर्ण. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे. त्याच सुमारास दिल्लीतल्या तिब्बी महाविद्यालयात या मुळातली अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली औषधी द्रव्ये, एकेक करून वेगळी केली जात होती. पण दाब उतरवणारे मुख्य द्रव्य त्या वेळी हाती लागले नाही.

मुंबईने यात टाकलेली भर सर्वांत मोठी, असे माझे मत आहे. १९४९ मध्ये इथल्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी ५० रुग्णांवरचे निरीक्षण ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यामागे अनेक वर्षांचा अनुभव होता. मुळापासून केलेल्या गोळ्या देशात आधीच मिळत होत्या आणि बरेच डॉक्टर त्या लिहूनही देत होते. या निबंधाने केले ते असे, की आधी काही काळ औषधाविना दाब नोंदवला, मग गोळ्या दिल्या, मग थांबवल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर आकडे मांडले. तेव्हा डॉक्टरांच्या हाती बीपीवर दुसरे होते तरी काय? फेनोबार्बिटलसारखी गुंगीची औषधे, विषारी ठरू शकणारे थायोसायनेट, पाठीच्या कण्यालगतच्या नसा कापण्याची शस्त्रक्रिया, आणि बिनमिठाचा भात. ज्यांना हे झेपत नव्हते त्यांना आराम करा म्हणून घरी पाठवले जाई.

पुढचा प्रवास वेगाने झाला. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला रेसरपिन शुद्ध रूपात वेगळे झाले, वर्षभरात बाजारात आले, आणि १९५६ मध्ये अमेरिकेत ते प्रयोगशाळेत घडवलेही गेले. १९५७ मध्ये मुंबईच्या त्या डॉक्टरांना अमेरिकेतला मानाचा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. इकडे जंगलात मात्र ओरबाडणे सुरू झाले. औषध झाडाच्या मुळांमध्ये असल्याने मूळ खणले की झाड संपते, आणि बीही कमीच रुजते. भारताने कच्च्या मुळाच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या भाऊबंद जातीकडे वळल्या. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे.

रेसरपिनचे काम समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याचे गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून निघतात. मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारे रसायन साठवलेले असते. रेसरपिन ही साठवणच होऊ देत नाही. साठा आटला की रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप क्षीण होतो, नाडी मंदावते, दाब उतरतो. याला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात, आणि औषध थांबवल्यावर परिणाम तितक्याच सावकाश ओसरतो. मेंदूतला सेरोटोनिन आणि डोपामिन या मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनांचा साठाही याच पद्धतीने घटतो. म्हणून सुस्ती येते, काहींना उदासी येते. शिवाय नाक चोंदते, पोटात आम्ल वाढते.

उदासीचा प्रश्न पन्नासच्या दशकातच उभा राहिला आणि तो खोटा नव्हता. पण डोस पाहायला हवा. मुळाचे २०० ते ३०० मिलिग्रॅम चूर्ण म्हणजे साधारण अर्धा मिलिग्रॅम रेसरपिन. या हिशेबाने कोलकात्याचा १९३१ चा डोस कितीतरी मिलिग्रॅमचा होतो. मनोरुग्णांना शांत करण्यासाठी तो ठरला होता. बीपीसाठीही सुरुवातीला अर्धा, एक आणि त्याहून जास्त मिलिग्रॅम दिले गेले. नंतर ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅमवर भागते असे दिसले. दरम्यान १९५५ मध्ये लंडनमधल्या एका तुलनात्मक चाचणीत चिंतेने आणि उदासीने ग्रासलेल्या रुग्णांना रेसरपिनने उलट बरे वाटले होते. ती चाचणी जवळपास विसरली गेली, आणि 'रेसरपिन म्हणजे नैराश्य' हे समीकरण मात्र पाठ्यपुस्तकांत कायम झाले.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक निष्कर्ष आला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना लघवी वाढवणारी गोळी, रक्तवाहिन्या सैल करणारे हायड्रालाझिन आणि रेसरपिन असे त्रिकूट दिले, काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. फरक इतका ठळक होता की चाचणी ठरल्याआधी आवरावी लागली. बीपी उतरवल्याने माणसे वाचतात, हे पहिल्यांदा पक्के सिद्ध झाले ते या चाचणीत, आणि त्यातल्या तिघांपैकी एक औषध आपल्या मुळातून आलेले होते.

मग आले १९७४. सप्टेंबरमध्ये एका प्रतिष्ठित ब्रिटिश साप्ताहिकात बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी इथले तीन अभ्यास एकदम छापून आले: रेसरपिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग दुप्पट ते साडेतीनपट दिसतो. तीन देश, तीन चमू, एकच उत्तर. यावर वाद घालायचा तरी कसा? अनेक डॉक्टरांनी लिहायचे थांबवले, रुग्णांनी गोळ्या टाकून दिल्या.

दोष तुलनेत होता. कर्करोग झालेल्या स्त्रिया एका गटात आणि दुसऱ्या कारणाने रुग्णालयात आलेल्या स्त्रिया दुसऱ्या गटात घ्यायच्या, आणि दोन्हीकडे किती जणी रेसरपिन घेत होत्या ते मोजायचे, अशी ही रीत. संशोधकांना वाटले, हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या बायका रेसरपिनवर असणारच, त्यांना दुसऱ्या गटात ठेवले तर हिशेब बिघडेल. म्हणून त्यांना वगळले. पण कर्करोगाच्या गटातून तशा बायका वगळल्या नाहीत. समजा दोन्हीकडे शंभर-शंभर बायका आहेत आणि खरे तर दहा-दहा जणी रेसरपिन घेतात. दुसऱ्या गटातून हृदयविकाराच्या म्हणून सहा जणी काढल्या आणि त्यांच्या जागी निरोगी हृदयाच्या घेतल्या, की तिकडे उरल्या चार. आता दहा विरुद्ध चार. औषधाने काहीही न करता धोका अडीचपट दिसू लागला.

नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत हा संबंध सापडला नाही. १९८५ मध्ये एका विश्लेषणाने वगळण्याच्या या नियमाचा परिणाम आकड्यांनिशी दाखवला, आणि आज रोगपरिस्थितीशास्त्र, म्हणजे लोकसमूहांतल्या आजारांचा अभ्यास, शिकवताना चुकीच्या तुलनेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगतात. प्राण्यांवरचा पुरावा वेगळा आहे, तोही सांगायला हवा: उंदरांना मोठे डोस दिल्यावर गाठी झाल्या, आणि अमेरिकेच्या सरकारी यादीत रेसरपिन संभाव्य कर्करोगकारक म्हणून नोंदले गेले. तरीही मला वाटते, माणसांच्या बाबतीत या औषधावर अन्याय झाला. तोवर पेटंटची मुदत सरली होती, गोळी कवडीमोल झाली होती, बीटा-ब्लॉकर ही बीपीची नवी औषधे आली होती. स्वस्त औषधाची बाजू लढवायला कोणाकडे पैसे नव्हते. १९९१ मध्ये ४,७३६ वयस्कांवरच्या अमेरिकी चाचणीत स्ट्रोक ३६ टक्क्यांनी घटले. तिथे मुख्य गोळी लघवीची होती, पण ॲटेनोलॉल हा बीटा-ब्लॉकर न चालणाऱ्यांना दुसरे औषध म्हणून ०.०५ मिलिग्रॅम रेसरपिनच देत होते. तेव्हा फार थोड्यांचे तिकडे लक्ष गेले.

शुद्ध, मोजलेली गोळी अशी मागे पडली आणि न मोजलेले चूर्ण मात्र दुकानात राहिले, हे मला सर्वांत खटकते. मुळातले अल्कलॉइडचे प्रमाण जमीन, वय आणि हंगामाप्रमाणे बदलते. चमचाभर चूर्णात आज किती आणि पुढच्या डब्यात किती, हे घेणाऱ्याला कळत नाही. आधीच नैराश्याची औषधे घेणाऱ्याने किंवा अल्सर असलेल्याने ते स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. बीपी बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात वाढलेला आणि कमी झालेला असे दोन्ही रक्तदाब नावानिशी आहेत. पाकिटांवर म्हणूनच 'बीपी संतुलित ठेवण्यास मदत' अशी भाषा आली.

बाकीच्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. लाल अंबाडीच्या बोंडांच्या चहावर २०१० मध्ये ६५ जणांवर चाचणी झाली. रोज तीन कप, सहा आठवडे. वरचा आकडा सरासरी ७ ने उतरला, नुसत्या चवीचे पेय घेणाऱ्यांत एकाने. सुरुवातीच्या बीपीला हे काही कमी नाही. उलट ज्येष्ठमध. घशासाठी घरात असतेच, आणि कित्येक काढ्यांतही. त्यातले ग्लिसिरायझिन शरीरात मीठ धरून ठेवते, पोटॅशियम घालवते, म्हणजे बीपी वाढवते. बीपीच्या रुग्णाने रोज ज्येष्ठमध चघळू नये.

आहाराची परंपरा याला समांतर चालत आली. चाळीसच्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या एका डॉक्टरने भात, फळे आणि साखर यांवर गंभीर रुग्ण ठेवले. मीठ जवळजवळ शून्य. डोळ्याच्या पडद्यावरची सूज ओसरली, फुगलेली हृदये आकसली. पण असे जेवण जन्मभर कोण जेवणार? सत्तरच्या दशकात बोस्टनच्या शाकाहारी तरुणांचा दाब कमी आढळला, आणि त्या धाग्यावरून १९९७ ची प्रसिद्ध आहार-चाचणी उभी राहिली: ४५९ माणसे, आठ आठवडे, जेवण संशोधकांनीच दिलेले. भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही वाढवल्यावर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा ११ ने उतरला. त्या ताटात कोंबडी आणि मासेही होते. शाकाहार म्हणजे आपोआप कमी बीपी, असे ती चाचणी सांगत नाही.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही बीपी भरपूर आहे, आणि मीठ हे त्यामागचे एक मोठे कारण. ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे, पापड, चटणी, वर संध्याकाळचे फरसाण. पापडात मीठ असतेच, पापडखारातूनही सोडियम जाते. भारतात दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ पोटात जाते, मर्यादा ५ ची सांगतात. उपवासाचे सैंधव बीपीला चालते हा समज फार खोल रुजलेला आहे. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच, आणि साध्या सैंधवात आयोडीनही घातलेले नसते.

अलीकडची मोठी बातमी याच मिठाची आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर चाचणी झाली. निम्म्या गावांना असे मीठ दिले, ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होते. पाच वर्षांत तिथे स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि २०२५ च्या जानेवारीत जागतिक मार्गदर्शक सूचनांत अशा मिठाची शिफारस आली. ती निरोगी मूत्रपिंडाच्या प्रौढांसाठी आहे. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी हे मीठ आणू नये. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण या गोळ्या शरीरातले पोटॅशियम आधीच वर ठेवतात.